बाबांनी संशोधनात नाव द्यावे का?

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. सांगली जिल्ह्यातील एका शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. विशेषतः टीव्ही पाहत बसलेले असताना अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी हलत राहतात. त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते, ते आता ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होते. आमच्या डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते हा घराण्यातला साधा कंप आहे, कारण माझ्या आत्याचेही हात चहाचा कप उचलताना कित्येक वर्षांपासून थरथरतात. बाबांना दुसरा मोठा आजार नाही, फक्त गॅसेससाठी रोज सकाळी एक कॅप्सूल आणि चक्करीची एक गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. आता पुण्यातील एका रुग्णालयात आजाराचा वेग कमी करू पाहणाऱ्या नव्या औषधाची वर्षभराची चाचणी सुरू होणार असून त्यात बाबांचे नाव घालता येईल असे कळले. निम्म्या लोकांना खरे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देणार आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, बाबांना प्रयोगाचा उंदीर करायचे नाही, त्यापेक्षा साडेतीन लाख रुपये भरून मूलपेशींचे (स्टेम सेल) उपचार घेऊ. मामांनी आयुर्वेदिक कौंचपाकाचा डबा आणून दिला आहे. बाबांशी यातले काही बोललेलो नाही, उगीच घाबरतील. काय करावे?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न संशोधनाचा आहे, तरीही त्याच्याकडे वळण्याआधी तुमच्याच पत्रातील एका वाक्यापाशी मला थांबावे लागत आहे. 'फक्त गॅसेससाठी रोज सकाळी एक कॅप्सूल आणि चक्करीची एक गोळी' असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. आपल्याकडे गॅसेस आणि ॲसिडिटीसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सुलांमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असते, आणि चक्करीच्या गोळ्यांमध्ये पुष्कळदा सिनारिझिन असते. अर्धशिशीसाठी दिले जाणारे फ्लुनारिझिन आणि उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड हीदेखील त्याच पंक्तीतली औषधे. हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे द्रव्य मेंदूत तयार होत असले, तरी ते जिथे पोहोचून काम करते त्या जागा ही औषधे अडवून ठेवतात. त्यामुळे हात थरथरणे, हालचाली मंदावणे, अंग ताठरणे, चेहऱ्यावरचे भाव पुसट होणे, असे हुबेहूब पार्किन्सनचे चित्र उभे राहू शकते. उतारवयात हा धोका अधिक असतो. औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ओसरतात. काहींची ओसरत नाहीत, आणि मग लक्षात येते की मूळ आजार आत दबा धरून बसलेला होता व गोळीने त्याच्यावरचा पडदा लवकर दूर केला इतकेच.

उमेदवारीच्या दिवसांत मी स्वतः ही चूक केली आहे. एका आजोबांना तपासून मी आत्मविश्वासाने पार्किन्सनचे निदान लिहिले, गोळ्या सुरू केल्या, आणि चार महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी पिशवीतून काढलेल्या औषधांच्या पाकिटांत चक्करीची गोळी निघाली. 'आणखी कोणती औषधे घेता?' असे मी पहिल्या भेटीत विचारले होते, पण चक्करीच्या गोळीला त्या घरात कोणी औषध मानतच नव्हते. तेव्हापासून मी तोंडी उत्तरावर विसंबत नाही, पाकिटे समोर ठेवायला सांगतो.

म्हणून पहिले काम हे की बाबांच्या दोन्ही औषधांची पाकिटे घेऊन, त्यांच्यावर छापलेली घटकांची नावे डॉक्टरांना दाखवावीत आणि ती थांबवता येतील का, बदलता येतील का, हे विचारावे. माझे हे उत्तर वाचून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. चक्कर का येत होती, याचाही शोध त्या निमित्ताने घ्यावा लागेल, कारण बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब खाली येणे हेही त्याचे कारण असू शकते आणि पार्किन्सनसारख्या आजारांत ते आढळते.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाविषयी. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे आणि मी ते करत नाही, परंतु ते दोघे कशावरून वेगळ्या निष्कर्षांना आले असावेत, हे सांगता येईल. आत्याबाईंचा कंप कप उचलताना येतो, म्हणजे हात काम करू लागला की येतो. बाबांचा कंप हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना येतो, तोही एकाच बाजूला. पहिला प्रकार घराण्यात चालत येतो, बहुधा दोन्ही हातांना असतो, पेला, चमचा, सुईदोरा यांच्याशी त्याचे वैर असते, आणि डॉक्टरी भाषेत त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. दुसरा प्रकार पार्किन्सनच्या कंपाशी जुळतो. अक्षराचे म्हणाल, तर इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर मोठे, वेडेवाकडे, नागमोडी होते, आणि पार्किन्सनमध्ये ते ओळीच्या शेवटाकडे लहान लहान होत जाते. मुख्याध्यापकांचे अक्षर मुंगीएवढे होते असे तुम्ही लिहिले आहे, ते मला पार्किन्सनकडे झुकणारे वाटते. परंतु आत्याबाईंचा कंप आणि बाबांचा कंप यांचा परस्परांशी संबंध असलाच पाहिजे असे नाही, आणि एकाच माणसाला दोन्ही विकार असूही शकतात.

(आत्याबाईंनी मात्र कित्येक वर्षे कपबशीचा आवाज सोसत बसण्याचे कारण नाही. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही जुनी, स्वस्त औषधे अनेकांना उपयोगी पडतात. दमा असेल तर पहिले देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.)

लंडनच्या हॉक्स्टन भागात राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या आजारावर जो निबंध लिहिला, त्यात अवघे सहा रुग्ण होते, आणि त्यांतले काही त्याने रस्त्यातून जाता-येता पाहिलेले होते. आजही निदानाचा पाया तोच आहे, जाणत्या डोळ्यांनी माणसाची हालचाल पाहणे. थरथर हे पार्किन्सनचे सर्वांत ठळक लक्षण वाटते खरे, पण काही रुग्णांना थरथर नसतेच. निदानासाठी लागते ती हालचालींमधली मंदता. बटणे लावायला वेळ लागतो का, चालताना उजवा हात हलायचा थांबला आहे का, हे तुम्ही घरी पाहू शकता. याखेरीज तीन गोष्टी आईंना विचारा. बाबांना फोडणीचा किंवा उदबत्तीचा वास पूर्वीसारखा येतो का, बद्धकोष्ठ बरीच वर्षे आहे का, आणि झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात, स्वप्नातले भांडण प्रत्यक्षात करतात का. हात थरथरू लागण्याच्या अनेक वर्षे आधी या तक्रारी सुरू झालेल्या असू शकतात, आणि नवरा रात्री लाथा मारतो ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे, हे बहुतेक बायकांना ठाऊक नसते.

एवढ्यानेही शंका उरली, तर ट्रोडॅट नावाचे एक स्कॅन असते. मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोके किती शाबूत आहेत, ते त्यात दिसते. गोळ्यांमुळे आलेल्या पार्किन्सनसारख्या अवस्थेत, तसेच इसेन्शियल ट्रेमरमध्ये, ते सर्वसाधारण येते. खऱ्या पार्किन्सनमध्ये येत नाही. बाबांच्या बाबतीत नेमका हाच पेच असल्यामुळे या खर्चाला अर्थ आहे. सर्वांनाच तो करायला सांगावा असे मी म्हणणार नाही.

निदानावर मी इतका वेळ घालवला, याचे कारण तुमच्या मूळ प्रश्नातच आहे. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाचा (मेंदूत त्याचेच डोपामिन होते) आजाराच्या गतीवर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत काही रुग्णांचे असेच स्कॅन काढले होते. तज्ज्ञांनी पार्किन्सन म्हणून निवडलेल्या त्या १४२ जणांपैकी २१ जणांचे स्कॅन सर्वसाधारण निघाले, म्हणजे त्यांना बहुधा तो आजार नव्हताच. ज्याला तो आजारच नाही, अशा माणसावर त्या आजाराचे औषध तपासले, तर त्या माणसाला निष्कारण धोका पत्करावा लागतो आणि चाचणीचा हिशेबही चुकतो. चक्करीची गोळी घेत असलेल्या माणसाला बहुतेक चाचण्यांमध्ये घेतच नाहीत. तेव्हा ती गोष्ट लपवून नाव घालणे हा मार्ग नव्हे, आणि ती थांबवून काही महिने वाट पाहणे हा वेळेचा अपव्ययही नव्हे.

आता तुमच्या बंधूंच्या 'प्रयोगाच्या उंदरा'विषयी. शब्द टोचणारा आहे, परंतु या आजाराच्या संशोधनात त्या शब्दाची एक गंमत आहे. उंदरांना पार्किन्सन आपणहून होत नाही. १९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे अचानक पुतळ्यासारखी ताठरून रुग्णालयात आली. घरगुती पद्धतीने बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचा पदार्थ मिसळला गेला होता आणि त्याने त्यांच्या डोपामिनच्या पेशी नष्ट केल्या होत्या. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले, आणि संशोधकांच्या हाती असे विष आले, ज्याने प्राण्यांमध्ये हा आजार घडवून अभ्यासता येईल. माकडांमध्ये तो घडला. प्रयोगशाळेतले मोठे उंदीर त्या विषाला फारशी दाद देईनात. प्राण्यांमध्ये गुणकारी ठरलेली औषधे माणसांत एकामागून एक निष्फळ ठरली, त्याच्या मुळाशी ही अडचण बऱ्याच अंशी आहे. म्हणजे उंदराच्या जागी माणसाला बसवणे हा या चाचण्यांचा हेतू नसतो. जे उंदराला विचारता येत नाही, ते माणसाला, त्याच्या संमतीने, विचारावे लागते.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे आले आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. क्रिएटिन या पदार्थाची चाचणी १,७४१ रुग्णांवर वर्षानुवर्षे चालली आणि उपयोग होत नाही असे दिसल्यावर मुदतीआधी थांबवावी लागली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. एक्सेनाटाइड हे मधुमेहाचे औषध २०१७ सालच्या छोट्या चाचणीत आशादायक वाटले होते, पण १९४ जणांच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२५ साली आला, तेव्हा त्याने आजार रोखला जात नसल्याचे दिसले. त्याच कुळातल्या लिक्सिसेनाटाइडने २०२४ साली १५६ जणांच्या चाचणीत थोडा फरक दाखवला, परंतु मळमळ आणि उलट्या यांचा त्रासही बऱ्याच जणांना झाला. आजवर कोणतेही औषध पार्किन्सनची मूळ गती निर्विवादपणे कमी करते असे सिद्ध झालेले नाही. ज्या चाचणीविषयी तुम्ही विचारता, तिच्यातून बाबांना व्यक्तिशः लाभ होईल अशी आशा मनाशी धरून जाऊ नये. लाभ झाला तर उत्तम, पण सही त्या अपेक्षेवर करू नये.

मग ती खोटी गोळी कशासाठी, असे बंधू विचारतील. या आजारात तिचे महत्त्व इतर अनेक आजारांपेक्षा अधिक आहे. कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की औषध मिळाले असे वाटताच पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत खरोखरच डोपामिन स्रवते. ती नुसती मनाची समजूत नसते, स्कॅनवर तिचे माप घेता येते. अशा आजारात 'औषध घेतले आणि बरे वाटले' एवढ्या साक्षीवर कोणतेही औषध मान्य करता येणार नाही, हे तुमच्या लक्षात येईल, आणि ही गोष्ट मूलपेशी व कौंचपाक या दोन्ही बाबतींत आपल्याला पुन्हा लागणार आहे.

खोटी गोळी वाट्याला आली तर बाबांचे वर्ष उपचारांविना वाया जाईल का? याविषयी नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांची एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच सुरू केले, निम्म्यांना ४० आठवड्यांनी, आणि ८० आठवड्यांअखेर दोन्ही गट सारखेच निघाले. ज्याचा त्रास अजून सौम्य आहे, त्याने काही महिने औषधाविना काढले म्हणून पुढे त्याचे नुकसान होत नाही, आणि ज्याला त्रास आहे, त्याने 'गोळ्या लवकर घेतल्या तर पुढे उपयोग होणार नाही' या भीतीने त्या टाळण्याचेही कारण नाही. ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. मात्र चाचणीच्या काळात बाबांचा त्रास वाढला, शर्टाची बटणे लागेनाशी झाली किंवा चालणे अडखळू लागले, तर नेहमीचे औषध सुरू करू देतील का, हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. उत्तर 'नाही' असेल, तर माझा सल्ला नकाराचा राहील.

आपल्या देशात प्रत्येक औषध-चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करणे २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंद कोणालाही संगणकावर पाहता येते. त्या रुग्णालयाकडे नोंदणीचा क्रमांक मागा. तो सांगायला खळखळ झाली, तर तिथेच थांबा. संमतीपत्रक मराठीत मिळाले पाहिजे, ते घरी आणून दोनदा वाचायला वेळ मिळाला पाहिजे, आणि सही झाल्यावर त्याची प्रत बाबांकडे राहिली पाहिजे. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळतात आणि ती चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईही द्यावी लागते. कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, बाहेर पडण्याचा अधिकार सहभागी व्यक्तीला असतो, आणि बाहेर पडल्याने तिच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. पुण्याला किती फेऱ्या होतील, प्रवासखर्च कोण देणार, पाठीतून पाणी काढण्याची तपासणी आहे का, हेही विचारा. सांगलीहून वर्षभर एसटीने ये-जा करणे ही सहासष्टाव्या वर्षी लहान गोष्ट नव्हे, आणि चाचण्यांमधून मध्येच बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांना औषधापेक्षा प्रवासाने दमवलेले असते, असे माझे निरीक्षण आहे.

साडेतीन लाखांच्या मूलपेशींविषयी मी स्पष्टच लिहितो. ते संशोधन नव्हे, विक्री आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांमधील मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचारांचे पैसे घेत नाहीत. जो पैसे मागतो आणि गुण येण्याची हमी देतो, तो संशोधक नाही, एवढी खूण बंधूंना पुरेल. या विषयात खरे काम कसे चालते, तेही त्यांना सांगा. अमेरिकेत ४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या मेंदूत गर्भातील पेशी सोडल्या आणि निम्म्यांच्या कवटीला नुसती भोके पाडली. २००१ साली निष्कर्ष आले, तेव्हा साठीच्या पुढच्या रुग्णांना लाभ झालेला नव्हता, आणि पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली जडल्या. त्यानंतर जवळपास पाव शतक खपून, एप्रिल २०२५ मध्ये जपानच्या क्योटोमधील ७ आणि अमेरिका-कॅनडातील १२ रुग्णांवरचे मूलपेशींचे नवे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्या पेशी मेंदूत तग धरतात आणि तूर्त घातक दिसत नाहीत, इतपतच ते सांगतात. क्योटोचे शास्त्रज्ञ सात रुग्णांवरून इतके जपून बोलत असताना, आपल्याकडे कोणी आठवड्याभरात गुण देतो म्हणाला, तर त्याच्याकडे सांगलीच्या बाजारात हळद पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे.

मामांच्या कौंचपाकाची मात्र मी थट्टा करणार नाही, कारण या आजाराच्या संशोधनात आपल्याकडच्या दोन वनस्पतींचा वाटा मोठा आहे. पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला, आणि काही वर्षांत तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य सर्वत्र वापरात आले. त्याने काही रुग्णांना पार्किन्सनसारखी लक्षणे होत. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली हेच रेसर्पिन सशांना दिले, ते निपचित पडले, आणि लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० साली दाखवले की पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिनची फार मोठी कमतरता असते. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा देऊन पाहिले गेले, आणि १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोट्झिअस यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत देण्याची रीत बसवली. आज सिंडोपासारख्या गोळ्यांतून मिळते ते हेच औषध.

दुसरी वनस्पती खाजकुयली, म्हणजेच कौंच. तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच शोधून काढले होते, म्हणजे त्याचा उपयोग काय हे जगाला कळण्याच्या वीस वर्षे आधी. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली पार्किन्सनच्या रुग्णांवरील तिच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा मामा जे देत आहेत, ते निरर्थक नाही, आणि नेमके म्हणूनच ते जपून हाताळायला हवे. डब्यातल्या पाकात किती लेव्होडोपा आहे, हे मामांना माहीत नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही, आणि दोन डब्यांमध्ये ते सारखे असेल याची खात्री नाही. गोळीमध्ये लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा घातलेले असते, त्यामुळे औषध रस्त्यात खर्च न होता मेंदूपर्यंत पोहोचते आणि मळमळ कमी होते. पाकात ते नसते. गोळ्यांवर पाक घेतला तर मात्रा नको तितकी वाढून अंग वेडेवाकडे हलणे, रक्तदाब उतरणे, भास होणे असे प्रकार घडू शकतात. आणखी एक अडचण म्हणजे पाक खाऊन बाबांना बरे वाटले, तर ते आजार ओळखण्याच्या आड येईल. निदान पक्के होईपर्यंत डबा फळीवर राहू द्या. चाचणीत नाव द्यायचे ठरले, तर तो खाल्ल्याचे तिथे सांगावेच लागेल.

ही चाचणी जमली नाही, तरी संशोधनात भाग घेण्याचे औषधाविनाही मार्ग आहेत, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचे अगत्य अधिक वाटते. पार्किन्सनविषयीची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेली आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये सुमारे १४,००० माणसांची दारोदार जाऊन पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९८८ साली आले, आणि त्या समाजात दर लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन असल्याचे दिसले. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेतील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की डोपामिन बनवणाऱ्या काळसर पेशी निरोगी भारतीय मेंदूंमध्ये ब्रिटिश मेंदूंपेक्षा बऱ्याच कमी असतात, आणि तरीही वयाबरोबर त्या घटताना दिसत नाहीत. याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही. असे प्रश्न सोडवायला रक्ताचा एक नमुना, चालण्याच्या चाचणीचा एक तास, घराण्याची नीट लिहिलेली माहिती यांचा उपयोग होतो. बाबांचा आणि आत्याबाईंचा कंप वेगवेगळा असेल, तर अशा घराची माहिती जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना हवीच असते.

औषधांइतकीच चालण्याची सवय महत्त्वाची आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १२८ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, अजून औषधे सुरू न झालेल्या लोकांनी आठवड्यातून चार दिवस दम लागेल इतक्या वेगाने ट्रेडमिलवर चालावे असे ठरवले होते. सहा महिन्यांनी त्यांची लक्षणे, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, कमी वाढलेली दिसली. बाबांचे हृदय तपासून घेऊन हे आजपासून सुरू करता येईल, आणि निदान काहीही निघाले तरी ते वाया जाणार नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी आहे. निदान पक्के झाले, तर तिथल्या माणसांशी बोलणे बाबांना माझ्या पत्रापेक्षा अधिक धीर देईल.

राहिली तुमच्या पत्रातली शेवटची ओळ, बाबांशी काही बोललेलो नाही ही. हे मला सर्वांत अधिक खटकले. भाऊ उंदीर म्हणतो, मामा डबा आणतात, तुम्ही मला लिहिता, आणि ज्यांच्या हातावरून हे सारे चालले आहे ते पलीकडच्या खोलीत टीव्ही पाहत बसले आहेत. हात थरथरतो हे त्यांना तुमच्याआधी कळलेले असणार, आणि मुले कुजबुजतात हेही. घाबरायचे ते घाबरून झाले असण्याचीच शक्यता अधिक. संमतीपत्रकावर तुमची किंवा बंधूंची सही चालत नाही, ती त्यांचीच लागते. त्यांनी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले आहेत. चाचणीची कागदपत्रे, फायद्या-तोट्यांसकट, त्यांच्या हाती द्या आणि ती त्यांना त्यांच्या पद्धतीने, लाल पेन घेऊन, वाचू द्या. ते नाही म्हणाले, तर तो विषय संपला. हो म्हणाले, तर बंधूंना पुण्याच्या पहिल्या फेरीत बरोबर घेऊन जा, म्हणजे त्यांचे प्रश्न त्यांना स्वतःच तिथल्या डॉक्टरांना विचारता येतील.

त्याआधी दोन्ही औषधांची पाकिटे, बाबांचा हात मांडीवर स्वस्थ असताना मोबाइलवर काढलेले मिनिटभराचे चित्रण, आणि पाच वर्षांपूर्वीच्या व आजच्या हस्ताक्षराचा एकेक कागद, एवढे घेऊन न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. कॅप्सूल आणि गोळी थांबवायची ठरली, तर त्यानंतर फेरतपासणी कधी करायची, ती तारीखही तिथेच लिहून घ्या. चाचणीवाल्यांना तोवर थांबायला सांगा. नावे घेणे बंद होणार असेल, तर होऊ द्या.